तो फक्त फुलं काढायचा

दर वर्षी जुलैमधे आमच्याकडे नव्या पोरांची बॅच येते आणि दर वर्षी त्यांना तीच स्लाइड दाखवली जाते. शीर्षक 'संगणकाचा इतिहास', डावीकडून उजवीकडे बाण. पहिला चौकोन जॅकार्ड, १८०४, भोकं पाडलेली कार्डं. मग बॅबेज, मग एडा लव्हलेस, मग होलेरिथ, मग ट्यूरिंग, मग एकदम आयबीएम, आणि शेवटच्या चौकोनात अर्थातच आमची कंपनी. (हसू नका, तुमच्याकडेही असणार.) ही स्लाइड मी आत्तापर्यंत चार वेळा प्रेझेंट केली आहे. "मंडळी, जगातला पहिला प्रोग्रामर म्हणजे एक फ्रेंच विणकर!" हे वाक्य फेकलं की मागच्या रांगेतले झोपाळूसुद्धा मान वर करतात. हमखास चालणारं वाक्य.

या वर्षी एका मुलीने हात वर केला. "सर, पण त्या मागावर विणायचे काय?"

मी म्हटलं, "डिझाइन असायचं गं. फुलं-बिलं." आणि पुढची स्लाइड.

त्या संध्याकाळी बसमधे ते 'बिलं' डोक्यात जाऊन बसलं. म्हणजे बघा, दोनशे वर्षांपूर्वी एका शहराने आपला अख्खा पैसा, अक्कल आणि पोरंबाळं ज्या गोष्टीमागे लावली, त्या गोष्टीला मी 'बिलं' म्हणून मोकळा झालो. यंत्र महत्त्वाचं, कार्ड महत्त्वाचं, भोक महत्त्वाचं. पण ते भोक ज्याच्यासाठी पाडलं ते फूल? ते काय, सजावट. मग दोन वीकेंड त्याच्या मागे घालवले आणि आता माझं मत असं झालंय की ती स्लाइड नुसती अपुरी नाही, ती खोटी आहे. खोटी अशासाठी की नक्षी मागापासून सुटी करायची ही कल्पना ज्या माणसांनी पुढे रेटली, त्यात एक ठळक माणूस चित्रकार होता. फुलं काढायचा. आणि त्याला आपण गाळलाय त्याचं कारणही तेच, की तो फुलं काढायचा.

त्याचं नाव फिलिप द लासाल.

जन्म १७२३, सेसेल नावाच्या गावात. हे गाव ऱ्होन नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं.  शिक्षण चित्रकलेचं. आधी लिऑनमधे दानिएल साराबा या चित्रकाराकडे, मग पॅरिसला. तिथे फ्रांस्वा बूशेकडेही शिकला. बूशे म्हणजे त्या काळातला पॅरिसमधला अगदी चलनी चित्रकार, गुलाबी गालांच्या देवता आणि ढगांवर बसलेली बाळं यांचा राजा. म्हणजे पोराच्या हातात ब्रश चांगला होता. पॅरिसमधे राहून पोर्ट्रेटं रंगवली असती तर पोटापाण्याचं नक्की भागलं असतं. पण तो लिऑनला परतला, सासऱ्याच्या रेशमाच्या धंद्यात शिरला आणि कापडासाठी फुलं काढायला लागला.

इथे आपल्या डोक्यात लगेच वाजतं: "अरेरे, आर्टिस्ट होता, कमर्शियलमधे गेला." थांबा जरा. अठराव्या शतकातलं लिऑन म्हणजे काय चीज होती ते आधी बघू. युरोपमधल्या सगळ्या दरबारांचे अंगरखे, पडदे, खुर्च्यांची गादीकापडं या एका गावातून जायची. धागा इटलीकडेही होता आणि विणकर लंडनमधेही होते. लिऑनवाल्यांचा धंदा टिकून होता तो नव्या नक्षीवर. दर वर्षी नवी. गेल्या वर्षीची नक्षी दुसरीकडे कॉपी होईपर्यंत हे लोक पुढची घेऊन हजर! थोडक्यात लिऑन विकत होतं ते फूल, रेशीम हे त्याचं पॅकिंग. म्हणून तिथे डिझायनर ही मोठी असामी असायची, व्यापारी पेढीत भागीदार वगैरे. १७६५ साली जूबेर द लिबेरदरी नावाच्या अशाच एका डिझायनरने या धंद्यावर चक्क पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं असं होतं की कापडाचा डिझायनर व्हायचं तर नुसतं चित्र येऊन भागत नाही, माग कळला पाहिजे. आणि नुसता माग कळूनही भागत नाही. दोन्ही पाहिजे.

आता मागाकडे येतो. इथे थोडा धीर धरा, कारण खरी गंमत इथेच आहे.

साध्या मागावर उभे धागे दोन-चार गटांत वर-खाली होतात आणि मधून धोटा जातो. त्यावर पट्टे येतील, चौकडी येईल, गुलाब येणार नाही. गुलाबासाठी जवळपास प्रत्येक उभा धागा स्वतंत्रपणे उचलता आला पाहिजे. म्हणून नक्षीच्या मागावर उभ्या धाग्यांना दोऱ्या बांधलेल्या. त्या वर जाऊन कप्प्यांवरून बाजूला वळतात, आणि तिथून शेकडो दोऱ्यांचा एक पडदाच्या पडदा खाली लोंबतो. या पडद्याला फ्रेंचमधे 'साँपल' म्हणायचे. आता चित्राची एक आडवी ओळ विणायची तर त्या ओळीत ज्या दोऱ्या ओढायच्या तेवढ्याच एका फासात गुंतवून ठेवायच्या. पुढच्या ओळीसाठी दुसरा फास. एका ओळीत पाच रंग असतील तर पाच फास. असे शेकडो, मोठ्या नक्षीला हजारो फास. विणकर समोर बसणार, आणि मागाच्या बाजूला उभी एक मुलगी एकेक फास क्रमाने ओढत राहणार.

(हे प्रकरण फक्त तिकडचं नाही बरं का. बनारसला असाच दोऱ्यांचा 'नक्शा' बांधणारे नक्शबंद होते. आणि औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, हिमरू जुन्या काळी 'जाळा' लावलेल्या मागावरच विणायचे.)

फास बांधायचे कशावरून? डिझायनर आधी चित्र काढणार, मग तेच चित्र चौकटीच्या कागदावर उतरवणार. एक चौकोन म्हणजे धाग्यांचा एक ठिपका. एकेक चौकोन रंगवायचा, हाताने. मग एक माणूस तो कागद समोर ठेवून ओळीमागून ओळ 'वाचणार' आणि दुसरा त्याप्रमाणे दोऱ्या निवडून फास घालणार. या कामालाही 'वाचणं' असंच म्हणायचे.

आता मला सांगा, सोर्स कोण लिहितोय? कंपाइल कोण करतंय? आणि चालवतंय कोण? मी तर त्या चौकटीच्या कागदाचे फोटो बघून खुर्चीतच उडालो. बिटमॅप आहे राव! सतराशे चाळीस-पन्नासचा. आणि तेवढ्यावर थांबत नाही. लासालच्या आधीच्या पिढीत जाँ रेव्हेल म्हणून एक डिझायनर होता, १६८४ ते १७५१. हाही चित्रकाराच्या घरातला. त्याची अडचण अशी, की धाग्यात रंग मोजकेच, मग पाकळीवरची सावली आणायची कशी? त्याने काय केलं, तर जिथे दोन रंग भेटतात तिथे सरळ रेघ न मारता एका रंगाचे ठिपके दुसऱ्यात दातेरी घुसवले. लांबून बघितलं की मधला रंग दिसतो, जो मागावर नाहीच. आज आपण याला डिदरिंग म्हणतो. पहिल्यांदा कॉलेजात शिकलो तेव्हा वाटलं होतं की हे कुणा ग्राफिक्स कार्डवाल्याने काढलं असणार. हे काढलंय डाळिंबाची साल आणि पाकळीची कड बघत बसणाऱ्या माणसाने.

लासाल हाच वारसा घेऊन आला. त्याची फुलं बघाच. जवळपास खऱ्या मापाची. गुलाबाचा आतला गर्द भाग आणि बाहेरच्या पाकळीवरचा उजेड वेगळा कळतो. फुलांच्या परड्या, कबुतरं, तितर. रशियाच्या कॅथरीनसाठी मोर आणि फेझंट पक्ष्यांचं कापड आहे, त्यात रेशमाच्या जोडीला लवदार शेनीलचा धागा घातलाय, पिसांना पिसांसारखी लव यावी म्हणून. पण असलं काहीतरी काढायचं म्हणजे नक्षी प्रचंड उंच होते. नक्षी उंच म्हणजे फास जास्त. आणि फास जास्त म्हणजे मागावर तो सगळा संच चढवायला वेळ भयंकर. नक्षी बदलायची म्हटली की जुने फास काढा, नवे बांधा, तोवर माग बंद. मोठ्या नक्षीला हे काम कित्येक आठवडे चालायचं. विणकराची मजुरी बंद, आणि ओढणाऱ्या मुलीची तर असून नसल्यासारखीच. शिवाय जुनी नक्षी एकदा सोडली की गेली. तीच परत हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

आता हे दुखणं कुणाला आधी कळणार? मेकॅनिकला? त्याच्या दृष्टीने माग नीट चालतोय की. ते कळतं ज्याला दर वर्षी नवं फूल हवंय त्याला.

लासालने काय केलं, तर साँपलच सुटा केला. दोऱ्यांचा तो पडदा मागाला कायमचा बांधलेला ठेवायचाच नाही. तो वेगळ्या चौकटीवर, मागापासून लांब, निवांतपणे तयार करायचा. फास तिथेच घालायचे. तोवर मागावर जुनं कापड विणणं चालूच. नवा तयार झाला की जुना काढायचा, नवा अडकवायचा, चालू. जुना टाकायचा नाही, ठेवून द्यायचा. दोन वर्षांनी कुणी तीच परडी मागितली की पुन्हा लावायचा. आणि चित्र फारच उंच असेल तर त्याचे तुकडे करून एकामागून एक साँपल लावत जायचे.

पुन्हा वाचा वाटल्यास. कोड मशीनपासून वेगळं. ऑफलाइन तयार करता येतं. साठवता येतं. पुन्हा लोड करता येतं. मेमरीत मावत नसेल तर तुकड्यातुकड्याने आणता येतं. आणि हे सगळं जॅकार्डच्या कितीतरी आधी, एका फुलंवाल्याने.

मग १७७१ च्या सुमाराला त्याने दाखवून दिलं की यात किती दम आहे. पोर्ट्रेट विणली. पंधरावा लुई, कॅथरीन. माणसाचा चेहरा, रेशमात, मागावर. त्यातली युक्तीही मजेशीर आहे: चेहऱ्याचा गोल वेगळा विणायचा आणि फुलांच्या हाराच्या कापडावर बसवायचा. म्हणजे टेम्प्लेट एक, आत राजा किंवा राणी काय हवं ते घाला :) कॅथरीनचं असं एक चित्र व्होल्तेरच्या फर्ने इथल्या घरात होतं. आणि या पोर्ट्रेटमधे त्याने लॅटिनमधे सही विणलीय, अर्थ इतकाच की 'लासालने केलं'. कापडावर सही! कारागिरांच्या धंद्यात ही हिंमतच म्हणायची. १७७५ मधे राजाने त्याला सेंट मिशेलचा मानही दिला आणि उमराव केलं.

आता आपल्या स्लाइडवरच्या साहेबांकडे वळू. जॅकार्डबद्दल माझं वाकडं काही नाही. पण 'जॅकार्डने कार्डं शोधली' हे वाक्य साफ चूक आहे. भोकं पाडलेला कागद मागाला लावला बासिल बूशोंने, लिऑनमधे, १७२५ साली. त्याचा सहकारी फाल्कों याने कागदाच्या गुंडाळीऐवजी एकमेकांना बांधलेली कार्डं आणली, १७२८. मग १७४० च्या दशकात आला व्होकांसों. हा त्या काळचा सुपरस्टार इंजिनिअर, ज्याचं दाणे खाणारं यांत्रिक बदक बघायला अख्खं पॅरिस लोटलं होतं. त्याने मागाचं डोकंच बदललं. दोऱ्या ओढणारी मुलगी नको, बाजूचा पसारा नको. वर एक भोकांचा दंडगोल, आपोआप फिरणारा. मेकॅनिक म्हणून बघाल तर अप्रतिम. पण कुणी वापरला नाही. का? कारण दंडगोलाचा घेर जेवढा, नक्षी तेवढीच. महाग आणि त्यात बारकी नक्षी. ज्या शहराचा धंदाच मोठ्या, बदलत्या फुलांवर चालतो त्या शहराला याने यंत्र दिलं ते फूल न मावणारं!

मला तर यात आपल्या क्षेत्रातले निदान अर्धा डझन प्रॉडक्ट दिसले. नावं घेत नाही.

म्हणजे एकीकडे व्होकांसों, ज्याने ओढणं स्वयंचलित केलं पण नक्षीला कोंडलं. दुसरीकडे लासाल, ज्याने नक्षीला मोकळं केलं पण ओढायला माणूस तसाच ठेवला. जॅकार्डने पॅरिसला व्होकांसोंचा तो पडून असलेला माग बघितला, त्यात फाल्कोंच्या कार्डांची माळ घातली, आणि नक्षीची लांबी हवी तेवढी झाली. फार मोठं काम आहे, प्रश्नच नाही. पण जोडणीचं काम आहे. आणि जोडणीसुद्धा नीट चालायला १८१५-१७ च्या सुमारास ब्रतों नावाच्या मेकॅनिकला ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. ब्रतों स्लाइडवर आहे का? छे.

लासालचा शेवट मात्र वाईट झाला. १७९३ मधे लिऑनने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केलं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वेढा पडला, तोफा चालल्या, आणि शहर पडल्यावर पॅरिसने हुकूम काढून शहराचं नावसुद्धा पुसून टाकलं. लासालचे माग त्यात गेले. सत्तरीचा माणूस. गिऱ्हाईकं म्हणजे राजे आणि उमराव, ते एक तर पळालेले किंवा मेलेले. पुढे शहराने त्याला सेंट पिएरच्या जुन्या मठात जागा दिली, तिथे त्याची यंत्रं ठेवलेली. तिथे तो म्हातारा शेवटपर्यंत यंत्रात डोकं घालून बसला. २७ फेब्रुवारी १८०४ ला गेला.

१८०४. स्लाइडचा पहिला चौकोन ज्या वर्षी सुरू होतो, त्याच वर्षी. मी हे वाचलं तेव्हा खरंच थोडा वेळ लॅपटॉप बंद करून ठेवला.

जॅकार्डचा लिऑनमधे १८४० साली पुतळा उभारला. लासालच्या नावाचा एक रस्ता आहे. असो, रस्ता तर रस्ता.

आता मला माहीत आहे तुमच्यातले काही जण काय म्हणणार. पहिलं: "साँपल ओढायला माणूस लागायचा, मग ते प्रोग्रामिंग कसं? ते ऑटोमेशन नाही." बरोबर, ऑटोमेशन नाही. पण प्रोग्राम आणि ऑटोमेशन या एकच गोष्टी आहेत हे कुणी सांगितलं? प्रोग्राम फासांमधे होता. प्रोसेसर होती ती मुलगी. या मुली बहुतेक सावोय आणि आसपासच्या डोंगराळ भागातून, गरीब घरांतून यायच्या, दिवसभर दोऱ्यांचं ओझं ओढायच्या आणि रात्री तिथेच मागाखाली झोपायच्या. लासालचं स्वतःचं गाव त्याच मुलुखाच्या काठावर. त्याने कापडावर सही केली. फास ओढणारीचं नाव कापडावर कुठेच नाही. म्हणजे उद्या मी जॅकार्डचा फोटो काढून तिथे लासालचा डकवला तर तोही तितकाच फालतूपणा होईल. 'पहिला कोण' ही आपल्या धंद्याची खाजच आहे, तिला किती खाजवायचं?

दुसरं म्हणणं जास्त गंभीर आहे: "अरे, डिझाइन गरज सांगतं, सोल्यूशन इंजिनिअर काढतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी." हे वाक्य मी इतक्या मीटिंगांत ऐकलंय आणि इतक्या मीटिंगांत स्वतः बोललोय की ते मला आपोआप खरं वाटायला लागलं होतं. लासाल या वाक्याचा जिवंत पुरावा आहे, उलट बाजूचा. गरज त्याची, उपायही त्याचाच. आणि उपाय सुचला तो हाताने फूल काढत असल्यामुळे. चौकटीच्या कागदावर ठिपके भरून ज्याचे डोळे गेलेत त्यालाच कळतं की हे सगळं एकदा फासांत बांधल्यावर ते सोडून टाकणं म्हणजे केवढा मूर्खपणा आहे.

गंमत म्हणजे हे नेपोलियनच्या सरकारला कळत होतं, आम्हाला कळत नाही. कार्डांचा माग आल्यावर फुलं काढणाऱ्यांची गरज कमी झाली नाही, उलट वाढली, कारण आता नक्षी बदलणं आणखी सोपं. लिऑनमधे १८०७ साली चित्रकलेची सरकारी शाळा निघाली, त्याच सेंट पिएरच्या इमारतीत, आणि तिथे खास फुलांचा वर्ग चालायचा. १८१० पासून तो वर्ग आंत्वान बेर्जोंकडे होता. हाही रेशमासाठी नक्षी काढून मग चित्रकार झालेला, स्वभावाने तिरसट. १८२३ मधे त्याला काढून टाकलं, तरी म्हातारपणी एकटा बसून फुलं रंगवत राहिला आणि १८४३ मधे गेला. त्याच इमारतीत १८१४ ला फुलांच्या चित्रांचं एक दालनच उघडलं, डिझायनरांनी येऊन बघावं म्हणून. म्हणजे यंत्रं आणि फुलं एका छताखाली.

आणि हक्क कुणाचा? तेही बघा. १७८७ मधे फ्रान्सच्या राजाने रेशमाच्या नक्षीची चोरी थांबवायला हुकूम काढला: पडदे-गाद्यांच्या नि चर्चच्या कापडाच्या नक्षीला १५ वर्षं संरक्षण, बाकीच्यांना ६. संरक्षण कुणाला? कारखानदाराला. चित्र काढणाऱ्याला नाही. आमच्या ऑफर लेटरमधलं 'सर्व निर्मिती कंपनीच्या मालकीची' हे कलम आठवलं ना? मलाही.

१८४३ मधेच एडा लव्हलेसने बॅबेजच्या यंत्रावरची तिची टिपणं छापली. त्यात जॅकार्डच्या मागाशी केलेली तुलना आपण सगळे हौसेने सांगतो. माग फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल, असा तिचा रोख. नीट बघा, तुलनेच्या एका बाजूला बीजगणित आहे आणि दुसऱ्या बाजूला फुलं. ती फुलांना बीजगणिताच्या शेजारी बसवतेय! आपण काय केलं? बीजगणित ठेवलं, माग ठेवला, फुलं झाडून टाकली. बॅबेजकडेही जॅकार्डचं एक चित्र होतं, १८३९ च्या सुमाराचं, रेशमात विणलेलं, त्याला २४,००० कार्डं लागली होती. पाहुण्यांना तो ते कोरीव छापाचं चित्र वाटतंय का म्हणून विचारायचा. मागावर चेहरा विणता येतो याचं त्या पाहुण्यांना नवल वाटायचं. लासालने तो विणला त्याला तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षं होऊन गेली होती.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमचं एका दुकानदार साखळीसाठी ॲपचं काम चालू होतं. दर सणाला त्यांना पहिलं पान बदलून हवं. गणपती, नवरात्र, दिवाळी. दर वेळी नवं बिल्ड, टेस्टिंग, मंजुरी, दोन आठवडे. आमची डिझायनर वैतागून म्हणाली, "पानाची मांडणी तुम्ही कोडमधे का खिळवून ठेवता? मला एक फाइल द्या ना, ती मी बाहेर बसून तयार करते, तुम्ही नुसती अडकवा." अगदी याच शब्दांत. 'अडकवा'. मी ते केलं. आठ दिवसांचं काम. दिवाळीचं पान एका दुपारी बदललं. वर्षाच्या शेवटी बक्षीस मिळालं, ते मला. समारंभातल्या स्लाइडवर 'आर्किटेक्चर' समोर माझं नाव आणि 'व्हिज्युअल्स' समोर तिचं. मी स्टेजवर गेलो, ट्रॉफी घेतली, फोटो काढला आणि खाली आलो. तिने टाळ्याही वाजवल्या. नंतर सहा महिन्यांत तिने नोकरी सोडली. कारण हेच असं मी म्हणत नाही, मी विचारलंच नव्हतं.

परवा रात्री तिला मेसेज टाकला. लासालची सगळी गोष्ट लिहिली आणि खाली, उशिरा का होईना, त्या ट्रॉफीबद्दल. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "मोराचं कापड बघितलं. त्याने पिसांना शेनील वापरलंय ते फार हुशारीचं आहे. ट्रॉफी अजून आहे का? माझ्या घरी दार सारखं बंद होतं, अडकवायला काहीतरी जड हवंय."

ट्रॉफी शनिवारी नेऊन देतोय. स्लाइडवर जॅकार्डच्या आधी जागा करायला घेतली, तर बाणच मावेना. बूशों, फाल्कों, व्होकांसों, रेव्हेल, लासाल, फास बांधणारे, ओढणाऱ्या मुली. शेवटी आमच्या कंपनीचा चौकोन काढून टाकला. बघू, एचआरच्या कुणाच्या लक्षात येतं का ते.